'इंटरेस्टिंग' म्हणजे नकार, हे आधी सांगायचंत! : इंग्रजी मातृभाषा असलेल्या सहकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे आणि आंतरराष्ट्रीय बैठकींत जे आम्हा बाकीच्यांसोबत बसतात, त्या सर्वांस

स. न. वि. वि.

गेली सोळा वर्षं मी बैठकींची इतिवृत्तं लिहिते. सात-आठ देशांतली माणसं पडद्यावरच्या चौकटींत येऊन बसतात, इंग्रजीत बोलतात, आणि कोण काय म्हणालं, काय ठरलं, कुणी काय करायचं हे मी लिहून काढते. या कामात बोलायचं जवळपास नसतंच. ऐकायचं मात्र फार असतं, आणि ऐकता ऐकता माणसांबद्दल मतं बनत जातात. तुमच्याबद्दलही बनली आहेत.

हे पत्र मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. दीड पान झाल्यावर वाचून पाहिलं तर ते फारच सज्जन झालं होतं. जिथे मला 'हे टोचतं' म्हणायचं होतं, तिथे 'याकडे लक्ष वेधावंसं वाटतं' अशा छापाचं काहीतरी आलं होतं. टोचण्याचा जो इंग्रजी शब्द मला माहीत आहे तो ऐकणाऱ्याला नेमका किती टोचतो, याचा मला अंदाज नाही. कमी टोचला तर पत्राला अर्थ नाही, जास्त टोचला तर मी भांडकुदळ. म्हणून मधला, गुळगुळीत शब्द घेतला. असं दर चार ओळींनी. शेवटी ते दीड पान बाजूला ठेवलं आणि मराठीत सुरुवात केली. तुम्ही वाचाल ते यंत्राने केलेलं भाषांतर असेल आणि त्यात काही निसटेलही. निसटू दे. एरवी ते आमच्याकडून निसटतं.

आता शीर्षकातल्या शब्दाची हकीकत. काही वर्षांपूर्वी एका बैठकीत एका तरुण अभियंत्याने पर्यायी आराखडा मांडला. तुमच्यापैकी एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, 'इंटरेस्टिंग'. थोडं थांबून म्हणाले, आपण याकडे नक्की परत येऊ. मी इतिवृत्तात लिहिलं : सूचनेत रस दाखवला, पुढील बैठकीत चर्चा. त्या एका ओळीवर तीन माणसं सहा आठवडे राबली. पुढच्या बैठकीत त्यांनी आकडे, नकाशे सगळं मांडलं तेव्हा ते गृहस्थ चकित झाले. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी नकार दिला होता, तोही सभ्यपणे, चारचौघांत कुणाला न दुखवता. मी नंतर तुमच्यातल्याच एका बाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, 'अर्थात! तो नाहीच म्हणाला होता.' चूक माझ्या नावावर जमा झाली. इतिवृत्त माझंच होतं ना.

त्या 'अर्थात'वर मी बराच विचार केला आहे. क्रियापदांची तिन्ही रूपं आम्ही पाठ केली, 'द' कुठे लावायचा यात आयुष्यातले काही महिने घालवले. पण 'क्वाइट गुड' म्हणजे चांगलं की जेमतेम, हे बोलणारा अटलांटिकच्या कुठल्या काठावरचा आहे यावर ठरतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि हे तुमच्या-तुमच्यातही फसतं. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीकाठी ब्रिटिश ग्लॉस्टरशर रेजिमेंटला चिनी सैन्याने वेढलं होतं. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी अमेरिकी वरिष्ठांना परिस्थिती कळवली ती 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर' या शब्दांत, असं सांगतात. ब्रिटिश कानाला यात 'आम्ही मरतोय' ऐकू येतं. अमेरिकी कानाने ऐकलं की जरा अडचण आहे, पण निभेल. कुमक वेळेत आली नाही, माघारीचा हुकूम नाही. सुमारे ५०० सैनिक कैद झाले. तिथे दोन्हीकडची माणसं जन्मल्यापासून इंग्रजी बोलणारी होती. तेव्हा मी एकटीच मूर्ख नव्हते, एवढा दिलासा मी त्या हकीकतीतून घेते.

तुमच्या पदरात काय पडलं आहे ते आधी मोजू. ते तुम्हाला दिसत नाही यात नवल नाही. पायाखालची जमीन कुणी मोजत बसत नाही. जगात इंग्रजी बोलणारे साधारण १५० कोटी, त्यातले तुमच्यासारखे जन्मभाषक ४० कोटींच्या आसपास. म्हणजे या भाषेत जे बोलणं चालतं त्यात तुम्ही अल्पसंख्य आहात, आणि तरीही घरमालकाच्या ऐटीत. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना परभाषा शिकवते. तिच्या हिशेबाने इंग्रजी भाषकाला जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी कामापुरती यायला ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २२०० तास लागतात. तेही पगार चालू ठेवून, पूर्णवेळ, उत्तम शिक्षकांच्या हाताखाली. तुमच्या समोरच्या चौकटीत बसलेली कोरियन बाई तोच रस्ता उलट दिशेने चालून आली आहे. शाळा, नोकरी, मूल सांभाळत. तेवढ्या तासांत तुम्ही गणित शिकलात, पोहायला शिकलात, किंवा काहीच न करता लोळत पडलात. मला हेवा वाटतो तो त्या लोळण्याचा.

तास तर नुसती सुरुवात आहे. २०२३ साली 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-शास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांचा शोधनिबंध भाषेच्या कारणावरून नाकारला जाण्याचं प्रमाण तुमच्या सुमारे २.५ पट निघालं. 'इंग्रजी सुधारून आणा' असा शेरा मिळण्याचं १२.५ पट. वाचायला लागणारा जादा वेळ, भाषण तयार करायला लागणारा जादा वेळ, भीतीने टाळलेल्या परिषदा, हे वेगळंच. आणि लिहिणं जमलं तरी बोलणं उरतंच. शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायसार यांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्यावाचून राहू शकतो' अशी किरकोळ माहितीची वाक्यं वेगवेगळ्या उच्चारांत ऐकवली आणि विचारलं, हे कितपत खरं वाटतं? बोलणारा दुसऱ्याचंच वाक्य वाचून दाखवतोय, हे ऐकणाऱ्यांना सांगितलेलं होतं. तरी परक्या उच्चारातलं वाक्य त्यांना कमी खरं वाटलं. ऐकायला जड गेलं की मन त्यावर विश्वास ठेवायलाही कुरकुरतं, असं संशोधकांचं म्हणणं. प्रयोगाचा हेतू उघड केल्यावर ऐकणाऱ्यांनी सौम्य उच्चाराच्या बाबतीत स्वतःला सावरलं. जाड उच्चाराच्या बाबतीत तेही जमलं नाही. आमच्या अभियंत्याचा उच्चार जाड आहे. त्याचे आकडे बरोबर होते.

संगणकाचं तर विचारूच नका. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, १९६३ साली ठरलेल्या ॲस्की संकेतात १२८ जागा. त्यात तुमची सव्वीस अक्षरं थाटात बसली आणि उरलेल्या जगाच्या लिप्यांना पुढची कित्येक वर्षं बाहेर ताटकळावं लागलं. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटच्या तुकड्यात बिगर-रोमन लिपी यायला २०१० साल उजाडलं. प्रोग्रॅम लिहिणारं जपानी मूलही 'इफ' आणि 'व्हाइल'च लिहितं. यात तुमचा काही दोष नाही. कुणी पाळण्यातून भाषा निवडत नाही. फक्त वारसा म्हणून मिळालेली गोष्ट हुशारी म्हणून मिरवू नये एवढंच. बैठकीत जो भरभर, विनोद पेरत, न अडखळता बोलतो त्याच्याकडे आपोआप सूत्रं जातात, हे मी शेकडो वेळा लिहून काढलं आहे. त्याच्या कल्पना इतरांपेक्षा चांगल्या असतात असं मात्र माझ्या इतिवृत्तांतून दिसत नाही.

बरं, तुमच्यातले जे मनाने चांगले आहेत ते आमच्यासाठी सोपं बोलू पाहतात, आणि तिथे एक मजा होते. 'पोस्टपोन' हा शब्द अवघड वाटेल म्हणून तुम्ही 'पुट ऑफ' म्हणता. 'टॉलरेट'ऐवजी 'पुट अप विथ', 'एक्स्टिंग्विश'ऐवजी 'पुट आउट'. तुमच्या लेखी छोटा शब्द म्हणजे सोपा शब्द, कारण छोटे शब्द तुम्ही आईच्या कडेवर शिकलात आणि लांब शब्द शाळेत. आमचं उलट. आम्ही सगळं शाळेतच शिकलो, आणि लांब शब्द तिथे एका अर्थाला एक असे पाठ करून घेतले होते. स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज बोलणाऱ्यांना तर ते लॅटिन घराण्यातले लांब शब्द सख्खे नातेवाईक वाटतात. 'पुट'च्या शेपटीला काय लागलं की काय होतं, हे कळण्याला नियम नाही; ते ऐकत मोठं व्हावं लागतं. आमच्याकडेही 'करून टाकलं', 'करून ठेवलं' आणि 'करून बसला' असा प्रकार आहे, आणि मराठी शिकणाऱ्याला तो असाच रडवतो. तेव्हा माझं ऐका, 'पोस्टपोन'च म्हणा.

खेळांचं दुसरं दुखणं. एकदा मी वीस मिनिटांत 'बॉलपार्क फिगर', 'टच बेस', 'कर्व्हबॉल' आणि 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' असे चार प्रयोग टिपले. चारही बेसबॉलमधले. बैठकीतल्या निम्म्या लोकांनी तो खेळ जन्मात पाहिलेला नव्हता, आणि बोलणाऱ्याला आपण खेळाविषयी काही बोललो याचा पत्ताही नव्हता. अंदाजे आकडा हवा तर अंदाजे आकडा मागावा. आणि 'कॅन' आणि 'कान्ट'! तुमच्यातले काही जण शेवटचा 'ट' असा गिळतात की करू शकतो आणि करू शकत नाही यांत फक्त एक पुसट आचका उरतो. माझ्या इतिवृत्तात त्या आचक्यावर कंत्राटं अडलेली असतात. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी', तेही तसंच. पुन्हा विचारलं की तुम्ही तेच वाक्य तेवढ्याच वेगाने, पण मोठ्याने म्हणता. आम्हाला ऐकू येतं हो. आवाज नका वाढवू, शब्द सुटे करा.

एका क्षेत्राने हे फार पूर्वी ओळखलं, कारण तिथे गैरसमजाची किंमत माणसांनी मोजावी लागते. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफेच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. डच विमानातून रेडिओवर आलेलं वाक्य होतं, 'वुई आर नाउ ॲट टेकऑफ'. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी थांबलं आहे. ते धावायला लागलं होतं. धुकं होतं, एकाच वेळी दोघे बोलल्याने रेडिओत खरखर झाली, कारणं अनेक होती. भाषा त्यांतलं एक. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ आव्हियांका ५२ हे कोलंबियन विमान इंधन संपून पडलं, ७३ जण मेले. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नव्हता, आणि नियंत्रकांच्या लेखी तो शब्द उच्चारल्याशिवाय आणीबाणी सुरू होत नव्हती.

दोन्ही गोष्टींत इंग्रजी कच्चं असणारे आमच्या बाजूचे होते, हे मी लपवत नाही. पण त्यावरचा उपाय बघा. 'टेकऑफ' हा शब्द पुढे प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देण्यापुरता किंवा ती रद्द करण्यापुरताच राखून ठेवला गेला; एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. आणि रेडिओवर तर आधीपासूनच 'थ्री' म्हणायचं नाही, 'ट्री' म्हणायचं. 'फाइव्ह' नाही, 'फाइफ'. 'नाइन' नाही, 'नाइनर'. तुमचा तो जिभेची परीक्षा पाहणारा 'थ' आकाशात चक्क रद्द झाला आहे! आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ साली भाषेचे निकष स्वीकारले आणि २००८ पासून ते लागू झाले. सहा पायऱ्या, चौथी किमान. चौथीवाल्यांनी दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायची, सहावीवाल्यांनी नाही. तुम्ही बहुतेक सहावीतच जन्मता. पण त्याच संघटनेचं मार्गदर्शन असंही सांगतं की समजेल असं बोलण्याची जबाबदारी जन्मभाषकांवरही आहे : वाक्प्रचार टाळा, वेग आवरा, ठरलेले शब्द वापरा, समोरच्याला कळलं का ते तपासा. तिथे तुमच्या घरच्या इंग्रजीला किंमत नाही. तिथलं इंग्रजी ही तिसरीच, कुणाचीच मातृभाषा नसलेली भाषा आहे, आणि ती तुम्हालाही शिकावी लागते.

मला जे सांगायचं आहे ते हेच आहे. आमच्या बैठकींतलं इंग्रजीसुद्धा तसंच वेगळं आहे. ब्राझिलियन आणि तुर्की सहकारी एकमेकांशी ज्या इंग्रजीत बोलतात ते कामचलाऊ, सरळ, खबरदार इंग्रजी आहे. प्रत्येक जण मनात धरून असतो की समोरच्याला कळलं नसण्याची शक्यता आहे, म्हणून पुन्हा विचारतो, आकडा चॅटमध्ये टाइप करतो, 'म्हणजे असंच ना?' म्हणतो. तुम्ही रजेवर असता त्या दिवशी बैठक लवकर संपते, आणि इतिवृत्तावर दुरुस्त्या कमी येतात. हे मी रागाने सांगत नाहीये; मला स्वतःलाच ते कळायला काही वर्षं लागली. त्या इंग्रजीचं शिक्षण आमचं झालं आहे, तुमचं नाही. आमच्या सगळ्यांत तेवढे तुम्हीच बिनशिकलेले आहात, आणि तुमचं बोलणं सगळ्यांत सफाईदार असल्याने ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

एक बारकी गोष्ट, पण माझ्या कामात ती रोज आडवी येते. तुमचा 'वी'. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा वगळला, 'आपण' म्हटलं की समोरचा धरला. एक अक्षरही जास्त न बोलता जबाबदारी ठरते. तुम्ही 'वी विल सेंड द ड्राफ्ट' म्हणता तेव्हा त्या 'वी'त मी आहे की नाही? मसुदा तुम्ही पाठवणार, की सगळे मिळून, की, बहुतेक वेळा असतं तसं, मी? इंग्रजी शिकणाऱ्याला इथे काहीतरी कमी असल्याचं जाणवतं, कारण त्याच्याकडे दुसरी भाषा शेजारी ठेवलेली असते. एकाच भाषेत वाढलेल्याला ते भोक दिसणार कसं? माझ्या नोंदींत 'वी'ने सुरू झालेली आणि पुढे कुणीच न केलेली कामं इतकी आहेत की आता मी दर वेळी मधे तोंड घालून विचारते : वी म्हणजे कोण? सुरुवातीला लोकांना ते उद्धट वाटायचं.

असंच भोक ज्ञानातही असतं. अमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आणखी एक मोजणी केली होती. निसर्गसंवर्धनावरचं २०१४ सालचं जे शास्त्रीय लेखन त्यांना सापडलं, त्यातलं ३५.६ टक्के इंग्रजीत नव्हतं. जे इंग्रजीत नाही ते नाहीच, असं धरून चालणाऱ्याच्या हातून तिसऱ्या हिश्शाहून जास्त सुटतं. चीनमध्ये डुकरांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचं चिनी नियतकालिकांत छापून आलं होतं, पण जागतिक आरोग्य संघटनेसह बाहेरच्या जगाचं त्याकडे सुरुवातीला लक्षच गेलं नाही. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ साली ज्या मलेरियाच्या औषधासाठी नोबेल मिळालं, त्या आर्टेमिसिनिनची वाट त्यांना चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथातल्या ओळीने दाखवली होती. ती ओळ कुणाच्या इंग्रजी शोधयंत्रात येणार होती?

आता तुमच्या नुकसानीबद्दल बोलते, कारण ते कुणी तुम्हाला सांगत नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. मधल्या सुट्टीत आम्ही आपापल्या भाषांत सरकतो. पोलिश माणसं पोलिशमध्ये, अरब अरबीत. तुम्ही कॉफीचा कप घेऊन हसरा चेहरा करून उभे असता. आम्हाला दोन खोल्यांचं घर आहे, तुमचं एकाच खोलीचं, आणि तिची दारं-खिडक्या सताड उघडी. तुम्ही आपसांत कुजबुजलात तरी सगळ्यांना कळतं. तुमच्या भाषेची मोडतोड सगळं जग करतं आणि वर तुम्हीच सगळ्यांना 'छान बोलता हो' म्हणायचं. (ते 'छान बोलता' आता नको, बरं का. सोळा वर्षं झाली. तुमच्यातल्या कुणाला 'चालता छान' म्हणून पाहा.) आणि तुमच्यातला एखादा जिद्दीने स्पॅनिश शिकून माद्रिदला गेला, तर वेटर त्याला इंग्रजीतच उत्तर देतो. शिकायची गरज नाही आणि शिकलेलं वापरायला वाव नाही. मग शिकणं थांबतं. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांपुढच्या मुलांना परभाषा सक्तीची राहिली नाही. अमेरिकी महाविद्यालयांत इंग्रजीखेरीज इतर भाषा घेणाऱ्यांची संख्या २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत १६.६ टक्क्यांनी घसरली.

यात एक सूक्ष्म तोटा आहे. उच्चारांच्या प्रयोगातल्या कायसार यांनीच सहकाऱ्यांबरोबर २०१२ साली दाखवलं की परभाषेत विचार करताना माणसं शब्दांच्या मांडणीला कमी भुलतात. 'एवढे वाचतील' म्हटलं काय आणि 'एवढे मरतील' म्हटलं काय, हिशेब एकच असला तरी मातृभाषेत आपण वेगवेगळे निर्णय घेतो. शिकलेल्या भाषेत तो फरक विरतो. परक्या भाषेत शब्द अंगाला चिकटत नाहीत, दुरून पाहता येतात. आम्हाला बैठकीत हे रोज फुकट मिळतं. तुम्ही मात्र तुमच्या सगळ्यात मऊ, सगळ्यात जवळच्या भाषेत सौदे करता.

हे सगळं लिहिताना मला एक आठवण टोचत होती, ती सांगून टाकते. एक परदेशी मैत्रीण माझ्याकडून मराठी शिकत होती. तिने विचारलं, पत्र लिहिणारी मी, चिठ्ठी लिहिणारीही मीच, तरी 'मी पत्र लिहिलं' आणि 'मी चिठ्ठी लिहिली' असं का? मला उत्तर देता येईना. 'तसंच असतं,' मी म्हणाले, ज्या सुरात त्या बाई 'अर्थात' म्हणाल्या होत्या अगदी त्याच सुरात. त्याहून वाईट म्हणजे ती वाक्यात अडली की मी पुढचा शब्द तिच्या तोंडात कोंबायचे. मदत म्हणून. एकदा ती चिडून, तुटक पण अचूक मराठीत म्हणाली, 'माझं वाक्य मला संपवू दे.' तिला जे म्हणायचं होतं ते मी पुरवलेल्या शब्दापेक्षा वेगळंच होतं. मी तोवर तिच्या किती वाक्यांची शेवटं माझ्या मनाप्रमाणे करून टाकली होती देव जाणे.

तेव्हा हा आजार इंग्रजीचा नाही. जन्मभाषक असण्याचाच आहे. फरक इतकाच की माझ्या मराठी मग्रुरीचा त्रास एका मैत्रिणीला झाला, आणि तुमच्या बाबतीत खोलीत जग बसलेलं असतं.

त्यामुळे मागणं थोडं आहे. तुमचं इंग्रजी मोडकं करू नका. लाडिक, तुटक बोललात तर तो अपमान आहे आणि तो आम्हाला चांगला कळतो. नाही म्हणायचं असेल तेव्हा 'नो' म्हणा, आम्ही दुखावले जात नाही, सहा आठवडे वाचतात. आकडे आणि तारखा लिहून द्या. विनोद खुशाल करा, पण निर्णयाच्या वाक्यात नको. कुठलीतरी एक भाषा शिकायला घ्या, ती यावी म्हणून नाही, तर परक्या भाषेत अडखळताना आपण आहोत त्यापेक्षा किती बावळट दिसतो हे एकदा अंगावर घेण्यासाठी. आणि तुमच्या संस्थेत 'जन्मभाषक हवा' अशी जाहिरात निघत असेल, तर कामाला काय हवं आहे ते विचारा. भाषा उत्तम येणं आणि ती भाषा बोलणाऱ्या घरात जन्मणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या मंगळवारच्या बैठकीत चौथा मुद्दा आराखड्याचा आहे. तोच अभियंता पुन्हा बोलणार आहे. तो सुरुवातीला थांबत थांबत बोलतो, आणि आकड्यांआधी हमखास एक मोठा विराम घेतो, कारण आकडे तो मनात स्वतःच्या भाषेत मोजतो आणि मग इंग्रजीत आणतो. त्या विरामात कुणी बोलू नका. मी तो विरामही नोंदवणार आहे.

कळावे,
तुमच्या बैठकींची इतिवृत्तं लिहिणारी